जामीनदार

आमच्या पतपेढीला पाटी नाही.
टिंबर मार्केटच्या मागं नऊ बाय दहाची खोली,
एक लोखंडी पेटी, तिला दोन कुलपं,
किल्ल्या वेगवेगळ्या गल्लीत,
आणि भिंतीला टेकवलेला काटा:
आमची पहिली खरेदी.

त्याआधी नाना पेठेतल्या भंगारवाल्याचा काटा होता.
त्यावर आमचा बारा किलो पुठ्ठा दहा भरायचा.
"ओला आहे, मावशी."
मे महिन्यातसुद्धा ओला.
कडूबाई म्हणाली, ह्याच्या काट्यावर मी उभी राहिले
तर लग्नात होते तेवढीच भरेन.
हसून झालं, मग आठवड्याला पाच रुपये काढले,
बेचाळीस बायांनी, वर्षभर.
काटा आला त्या दिवशी
प्रत्येकीनं आधी आपलं पोर चढवून पाहिलं.

मी नववी नापास, म्हणून हिशेबनीस.
वहीत रकाने पाच:
नाव, रक्कम, कशासाठी, हप्ता, जामीनदार.
"कशासाठी"त मी खोदून विचारत नाही.
डोळ्याखाली काळंनिळं दिसलं
तरी लिहिते, घरखर्च.

जामिनाचा नियम एस्तेरचा:
जामीनदार आपल्या गल्लीतला चालायचा नाही.
घरच्यानं घरच्याला जामीन राहणं म्हणजे
ह्या खिशातलं त्या खिशात.
पुष्कळ जणी रुसल्या. तरी लिहीत गेलो.
जैबुनबीला गिरजा खुडे.
गिरजाला हमीदा. हमीदाला एस्तेर.
कडूबाईला कुणी राहीना, नवरा पिणारा,
तेव्हा जैबुनबीनं अंगठा पुढं केला:
"वो डुबाएगा. ही नाही बुडवणार."

मार्चातल्या एका रात्री मोबाइलवर काहीतरी आलं.
कुठल्या गावचं, कधीचं, कुणाला ठाऊक.
दहाच्या सुमारास शटरं पडली.
इकडं ह्यांची पोरं, तिकडं त्यांची,
मध्ये नळाचा चौक, त्यावरचा दिवा बंद.
कुणीतरी सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट आणून ठेवला.

कडूबाई दारात. वही घे, म्हणाली.
आत्ता?
आज दहा तारीख. हप्त्याची.

चौकात सतरंजी टाकली.
आधी चौघी, मग सात.
बेचाळिसातल्या सात, खोटं कशाला सांगू.
हमीदा नव्हती, दिरानं बाहेरून कडी घातलेली.
मोबाइलच्या उजेडात मी नावं वाचू लागले
तर घशातून आवाजच निघेना.
एस्तेर म्हणाली, मोठ्यानं. जामीनदारासकट.

"जैबुनबी शेख, तीन हजार, शिलाई मशीन,
जामीनदार गिरजा खुडे.
गिरजा खुडे, आठ हजार, पोराचं अपेंडिक्स,
जामीनदार हमीदा बागवान."
क्रेटजवळ गिरजाचा सुजय उभा होता.
त्याचा हात शर्टावरून पोटाकडं गेला,
निदान मला तसं वाटलं. अंधार होता.
जिथं घरखर्च होतं तिथं
मी घरखर्चच वाचलं.

एक बाटली आली, सतरंजीच्या काठाला फुटली.
कुठल्या बाजूनं, ते आम्ही अजून बोललेलो नाही.
मी पान उलटलं.
साडेबारापर्यंत एकोणीस बाया झाल्या,
दोन म्हातारे, आणि झोप न येणारं एक तान्हं.

एकला पोलिसांची गाडी आली.
"काय चाललंय इथं?"
"हप्ता, साहेब," कडूबाई म्हणाली.
साहेब जरा गडबडले.

सकाळी काच वेचली, काट्यावर टाकली:
चारशे ग्रॅम. कुणाच्या नावावर मांडायची
यावर तासभर भांडण झालं.

हमीदा दोन दिवसांनी आली.
हप्ता ठेवला, वर दंडाचे दहा रुपये.
अगं, तुला तर कोंडलेलं, दंड कसला?
म्हणाली, उशीर तो उशीर. लिही.
लिहिलं. दहा रुपये, जमा.
"कशासाठी"चा रकाना
तेवढा मोकळा सोडला.